चिंचेनं घासलेलं पदक

गिऱ्हाइकाने एखादी जुनी वस्तू रुमालाने पुसायला घेतली, की कासमचाचा ती त्याच्या हातातून काढूनच घ्यायचे. "मळाला हात नको लावू. वय तिथंच असतं." आखाती देशात, रुवीतलं ते जुन्या वस्तूंचं दुकान धुळीने माखलेलं, आणि मालक मात्र कडक इस्त्रीतला! मला वाटायचं, आळसाला चाचांनी बरी सबब शोधलीय.

चाचा मूळचे रत्नागिरीकडचे. इंग्रजी पत्रं माझ्याकडून लिहून घ्यायचे. रुस्ताकच्या बाजारात त्यांना ब्राँझचं एक पदक मिळालं होतं. पानांचा मुकुट घातलेलं डोकं, भोवती हिब्रू अक्षरं. ज्यूंनी म्हणे काही शतकांपूर्वी कुणाच्या तरी स्मरणार्थ ओतलेलं. ज्यूंची इतकी जुनी पदकं जगात मोजकीच. हे मात्र कुणी म्हणे अस्सल, कुणी म्हणे मागाहून काढलेली नक्कल. "खोटं निघालं तरी चालेल, बाय," चाचा म्हणायचे, "पण मरायच्या आधी कळू दे."

त्यासाठीच मी एका परदेशी अभ्यासकाला पत्र लिहिलं. ते म्हणाले, येतोच, तोवर स्पष्ट फोटो पाठवा. चाचांनी पदक विश्वासाने माझ्याकडे, अल् घुब्राच्या फ्लॅटवर दिलं. फोटोत अक्षरं काही उठेनात. हात्तिच्या, एवढंच ना! दसऱ्याला देव घासते तशी चिंच लावून मी ते खसाखसा घासलं. सोन्यासारखं लखलखलं. म्हटलं, आता फोटो कशाला, प्रत्यक्षच दाखवू.

अभ्यासक आले त्या दिवशी मी दुकानात दोघांपुढे ऐटीत पदकाची पुडी उघडली. चाचांचा चेहराच उतरला. पाहुणे तर पांढरेफटक पडले. अक्षरांच्या खाचांतला हिरवा थर हाच एकमेव पुरावा होता. आता याचं मूळ कधीच ठरणार नाही, म्हणाले.

"हे केलं कुणी?"

"आय क्लीन, सर," चाचा म्हणाले.

"मग तुमच्या कुठल्याच वस्तूवर विश्वास ठेवता येणार नाही."

चाचांनी नुसती मान हलवली. मी तिथेच उभी होते.

पाहुणे गेल्यावर मी कशीबशी म्हणाले, "चाचा, मी त्यांना खरं सांगते."

"काय सांगशील? चीज माजी, तुज्या हातात दिली म्या. खलास. बस, पानी पी."

पुढे चाचा गावी गेले आणि तिथेच वारले. परवा त्या अभ्यासकांचा लेख हाती आला. 'विक्रेत्याने घासून पुरावा नष्ट केला,' असं त्यात छापलंय, पुढे चाचांचं पूर्ण नाव. ते पदक मी घासलं. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितेय.