कॉटवर काय ठेवलंय?

आमचे हे मुलींच्या होस्टेलच्या दारावर असतात. काम किल्ल्या देण्या-घेण्याचं, पण ऐट अशी की सगळं विद्यापीठ यांच्याच जिवावर चालतं. घरच्या आठवणीने रडणाऱ्या नव्या मुलींसाठी यांच्याकडे एकच औषध. कुणी बॅग घेऊन, डोळे पुसत दाराशी आली की म्हणणार, "जा की. पण आधी घरी फोन लावून विचार, तुझ्या कॉटवर काय ठेवलंय?"

औषध रामबाण. आठ दिवसांत कुणाच्या कॉटवर गाद्यांचा ढीग असतो, कुणाच्या कॉटवर धाकट्या भावाने बस्तान मांडलेलं असतं. पोरगी रडायचं विसरून भांडायला लागते आणि तणतणत वर्गात जाते. मग हे घरी येऊन चहाबरोबर तीच फुशारकी मला तीनतीनदा ऐकवतात.

यंदा सतरा नंबर खोलीतल्या मुलीने मात्र यांना घाम फोडला. प्रवेश रद्द करायचा अर्ज तिच्या हातात तयार होता. फोन लावला, तर आई म्हणाली, "काही नाही ठेवलं गं. चादरसुद्धा बदलली नाही." झालं. पोरीने हंबरडाच फोडला.

यांनी फोन आपल्या हातात घेतला आणि पोरीला ऐकू जाऊ नये म्हणून बाजूला जाऊन म्हणाले, "ताई, कॉट रिकामी आहे म्हटल्यावर पोर शिक्षण सोडून पळत येणार. काहीतरी ठेवा त्या कॉटवर."

"हात धजत नाही हो."

"माझा तरी कुठे धजतो," हे बोलून गेले.

खरंच आहे ते. आमची मुलगी शिकायला जाऊन दोन वर्षं झाली, पण तिच्या कॉटवर हे मला रुमालसुद्धा टाकू देत नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

ती आई म्हणाली, "मग आधी तुम्ही ठेवा, मग मी ठेवते."

यांनी गळ घातली म्हणून मुलीने अर्ज एक दिवस थांबवला. हे घरी आले आणि चहा न घेताच दोरीवरचे कपडे काढून लेकीच्या कॉटवर नेऊन ठेवले. ठेवले, उचलले, पुन्हा ठेवले. दुसऱ्या दिवशी सतरा नंबरच्या आईने कॉटभर शिवणकाम पसरलं. "माझ्या कॉटवर?" म्हणत पोरगी फोनवर अर्धा तास भांडली. अर्ज फाडलेला यांनी स्वतः पाहिला.

रविवारी आमच्या लेकीचा फोन आला. हे म्हणाले, "तुझ्या कॉटवर कपड्यांचा ढीग आहे बघ. तुझ्या आईने ठेवलाय."

एरवी मी सोडलं नसतं. पण यांचे डोळे भरले होते, म्हणून म्हटलं, "हो गं, मीच ठेवलाय."