भुईगावची कॉफी आणि माझं नाक

समुद्रकाठच्या भुईगावला जाणं मी तीनदा पुढे ढकललं होतं. कारण सांगायला धीर लागतो, पण सांगतो. कॅफेतली एस्प्रेसो मशीन आणि ग्राइंडर लावून देणं हे माझं काम. कॉफी किती बारीक दळायची, किती घ्यायची, किती सेकंदांत उतरवायची हे ठरवायचं, म्हणजे प्रत्येक कप सारखा लागतो. जानेवारीतल्या तापात माझं नाक गेलं, कसलाच वास येईना. जिभेला आंबट-कडू पुसटसं कळतं, बाकी सगळं गरम पाणी. कंपनीच्या मालकांना सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. नाक गेलेल्या माणसाला या कामावर कोण ठेवणार?

मे महिन्यात शेवटी निघालो. सकाळी सहाला नाशिक सोडलं, कसारा घाट उतरलो, भिवंडीहून कामणचा रस्ता धरला. हा पट्टा उजेडातच पार करा, खड्डे बेसुमार आहेत. पावसाळ्यात शनिवार-रविवारी चिंचोटीच्या धबधब्यासाठी गाड्यांची रीघ लागते, ते वार टाळा. भुईगावच्या गल्ल्यांत समोरून गाडी आली की एकाला मागे जावंच लागतं. मी दोनदा आनंदाने मागे गेलो. तसंच मागे मागे नाशिकला जाता आलं असतं तर चाललं असतं.

कॅफे रियाचा, तिच्या आईच्या वाडीतल्या जुन्या गोठ्यात केलेला. आई म्हणजे सेलिन आंटी, माहेर पाचूबंदरच्या कोळ्यांचं. खोली त्यांच्याकडेच मिळाली, जेवणासकट दोन दिवसांचे अडीच हजार. रविवारी चर्चमधली मिस्सा संपली की फादर येऊन आशीर्वाद देणार होते आणि मग अख्खं गाव कॉफी पिणार होतं.

पहिल्या दिवशी, गुरुवारी, अठरा ग्रॅम पूड, छत्तीस ग्रॅम कॉफी, अठ्ठावीस सेकंद असं गणित जमवलं. मग माझी नेहमीची युक्ती. कप रियापुढे केला आणि विचारलं, "कशी वाटते?" समोरचा बोलला की मी मान डोलवतो. चार महिने यावरच निभावलं होतं.

"सर, तुम्ही आधी सांगा ना," ती म्हणाली. "मला काय कळतंय?"

मी घोट घेतला, आकड्यांवर भरवसा ठेवला आणि म्हणालो, "छान आहे."

"हो, छान आहे," रिया म्हणाली. आंटींनीही एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

संध्याकाळी सुरूच्या झाडांतून समुद्रावर गेलो. भुईगावचा किनारा मोकळा आहे, जरूर जा. भरतीच्या कडेला मी पाच-सहा वेळा खोल श्वास घेतला. काहीच नाही. समुद्राला वास असतो हे नुसतं आठवत होतं, आणि मला फार भीती वाटली.

शुक्रवारी सकाळी त्याच आकड्यांवर कॉफी चाळीस सेकंद ठिबकत राहिली. रात्रभर खिडक्या उघड्या होत्या आणि खारी दमट हवा ग्राइंडरमधल्या दाण्यांना लागली होती. दळण जाड केलं, तर दुपारी ती वीस सेकंदांत धावली. चौथ्या फेरीला अठ्ठावीस सेकंद आले. "परफेक्ट," मी म्हणालो.

आंटींनी कप नाकाशी नेला. "सर, राग मानू नका. याला सुक्या बोंबलाचा वास येतो."

रियाने पुन्हा चाखून मान खाली घातली. "कालपण येत होता. पण तुम्ही छान आहे बोललात..."

दाणे कुठे ठेवले होते, मी रियाला विचारलं.

"तुम्हीच फोनवर बोललात ना, घरात सगळ्यात घट्ट झाकण असेल त्यात ठेवा. म्हणून बोंबलाचं पिंप रिकामं करून धुतलं. आठवडाभर त्यातच आहेत."

कोळ्याच्या लेकीच्या घरात याहून घट्ट झाकण कुठलं असणार? मी पिंपात डोकं घातलं. नुसता अंधार. मी त्यांच्या जिभेवर भिस्त ठेवली होती, त्यांनी माझ्या शब्दावर, आणि रविवारी गाव बोंबलाची कॉफी प्यायलं असतं. तिथेच खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं.

आंटी उठून आत गेल्या. आता मालकांना फोन जाणार, असं मला वाटलं.

"आधी बोलायचं ना, बाबा," पाण्याचा तांब्या घेऊन येत त्या म्हणाल्या. "वजन तू बघ. वास मी बघते. मासळी ताजी की शिळी, हे नाकच सांगतं आमाला. पानी पी आधी."

ग्राइंडर उघडून पाती साफ केली आणि माझ्या गाडीतले राखीव दाणे घातले. खिडक्या बंद केल्या. त्या सांगत गेल्या, "जळकट येतंय," "आता पानचट," आणि मी दळणाची चक्री एकेक खूण फिरवत गेलो. पाचव्या कपाला त्यांनी दुसरा घोट घेतला. शनिवारी सकाळी रियाला रोजची तपासणी शिकवली आणि निघालो. रविवारी तिचा मेसेज आला की दुपारपर्यंत दूध संपलं.

त्या शनिवारी घरी पोचलो तर बायको स्वयंपाकघरात होती. वाटभर घोकलेलं वाक्य उभ्याउभ्याच बोललो, "मला जानेवारीपासून वास येत नाही."

तिने झारा खाली ठेवला. "माहितीये. होळीला खीर करपली होती. तू दोनदा मागून घेतलीस."

"मग बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली. "तू चहा केलास की रोज तुझ्यामागून जाऊन गॅस बंद आहे का ते बघते मी."