लुगडं नेसून लंडनभर

ह्यांच्या डॉक्टरीच्या शिक्षणासाठी आम्ही लंडनला गेलो. समुद्र ओलांडला म्हणून कल्याणात निम्म्या आळीने आमच्याशी बोलणं टाकलं. एवढं सोसून तिथे पोचल्यावर ह्यांनी फर्मान काढलं की बाहेर पडायचं तर गाऊन घालूनच, लुगड्यात पाहिलं की लोक हसतील. मी हट्टी खरी, पण आधी ऐकून पाहिलं. घोड्यांच्या ट्रामवर चढताना गाऊनचा घोळ पायात आला आणि मी भररस्त्यात पालथी पडले. लोक हसले ते तेव्हा.

त्या रात्री जेवताना हे म्हणाले, "आपल्या ओळखीचं एक कुटुंब पुढच्या बोटीने मुंबईला निघालंय. त्यांच्याबरोबर तू कल्याणला जा."

मला संताप आला. खोलीच्या चार भिंती बघून परतायला मी आळीशी वैर घेतलं नव्हतं.

घरमालकिणीच्या मुलीकडे पायगाडी होती, हल्ली सायकल म्हणतात ती. तिचाही झगा साखळीत अडकायचा. बायकांनी पायगाडीवर विजार घालावी की नाही, यावर त्या शहरात म्हणे मोठा वाद चालला होता. मला हसू आवरेना. आमच्याकडच्या बायका कासोटा घालून मिठागरात उतरतात, शेतात राबतात, आणि अंगभर झाकलेल्याही असतात. मी ट्रंकेतून जाडं लुगडं काढलं, कासोटा घट्ट खोवला आणि मागच्या बोळात तिचीच पायगाडी मागून घेऊन शिकायला लागले. गुडघे फुटले, पण लुगडं एकदाही साखळीत गेलं नाही.

मग हे रुग्णालयात गेले की मीही निघायचे. लांबचा पल्ला असला तर ट्राम किंवा जमिनीखालची आगगाडी. धुराने डोळे चुरचुरायचे, पण जंक्शनच्या गावात वाढलेल्या मुलीला आगगाडीचं कसलं भय? जवळपास मात्र पायगाडीच. त्यांच्या नदीचं कौतुक फार ऐकलं होतं. पुलावरून पाहिली, आमच्या खाडीपुढे काही विशेष वाटली नाही.

बोट सुटायला आठवडा उरला, तेव्हा एका सकाळी मी पायगाडीवरून रुग्णालयाच्या फाटकापाशी जाऊन उतरले. हे सोबत्यांबरोबर उभे होते. मला पाहून ह्यांचा चेहरा पडला. कुणी हसलं नाही. एका पांढऱ्या दाढीच्या प्रोफेसरांनी टोपी काढून विचारलं, ह्या बाई कोण?

चारचौघांत ह्यांनी माझा उल्लेख 'घरची मंडळी' याखेरीज कधी केला नव्हता. थोडे घुटमळले. मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ही माझी बायको." माझा ऊर अभिमानाने भरून आला, आणि ह्यांचाही, हे मला दिसत होतं.

संध्याकाळी घरी आल्यावर जोडे काढता काढता हे म्हणाले, "अगं, वाटेत मुंबईला निघालेल्या त्या कुटुंबाकडे जाऊन आलो. तू येत नाहीस म्हणून सांगायला."

"ठाऊक आहे," मी म्हटलं. "मी सकाळीच त्यांना सांगून पुढे तुमच्याकडे आले होते."