डोळ्यांच्या बाकावर

आमच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर गुरुवारी येतात. गुरुवार बाजाराचा. खेड्यापाड्यातल्या लोकांची एका फेरीत दोन्ही कामं व्हावीत म्हणून कुणीतरी विचार करूनच हा वार ठरवला असणार. त्या भल्या माणसाच्या एवढंच ध्यानात आलं नाही, की बाजाराच्या दिवशी सगळेच येतात. चुलतसासू येते, शाळेतले गुरुजी येतात, मुलगी बघून गेलेले पाहुणेही येतात.

म्हणून मी डोळे तपासणीच्या बाकावर बसतो. आज शेजारी एक बाई होती, मांडीवर मेथीची पिशवी. ओळखीच्या कुणीतरी जाता जाता विचारलं, "काय गं, इकडं कुठं?"

"चष्म्याचं बघायचंय."

विचारणारी गेली. हिने हातातला केसपेपर घडी करून मेथीखाली सारला आणि उठून बाजाराच्या वाटेला लागली. मागे मनाच्या डॉक्टरांच्या दारातून सिस्टरनी एका बाईचं नाव दोनदा पुकारलं. कुणी उठलं नाही.

आता वहीत 'गैरहजर' असं लिहिलं जाईल. गोळ्यांनी गुंगी येते, एसटी चुकते, ही कारणं विचारलं तर सांगता येतात. हे कसं सांगायचं? ती तर इथंच होती, दारापासून पाच पावलांवर. धावत जाऊन तिला थांबवावंसं वाटलं. पण मग मला कसं कळलं, तेही सांगावं लागलं असतं.

तेवढ्यात सिस्टरनी माझं नाव पुकारलं. कोण आहे ते बघायला बाकावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या.

मीही वळवली.