तुरेलियांच्या घरची माणसं

उल्का नाफडे १९५७ साली पुण्याहून जर्मनीत माइन्त्सला आली, ती प्राचीन रोमच्या इतिहासात डॉक्टरेट करायला. बाकीचे विद्यार्थी सम्राट नाहीतर सेनापती यांच्या मागे होते. हिने निवडलं तुरेलिया नावाचं एक साधं प्लेबियन, म्हणजे सरदारकीचा वारा न लागलेलं घराणं. त्यातला एक जण कधीकाळी लोकांचा प्रतिनिधी म्हणून निवडून आला, तेवढाच त्यांचा मोठेपणा. पुढे कुणी तेल विकलं, कुणी सैन्यातून ऱ्हाइनकाठी आला, आणि मग नावच पुसलं गेलं.

"एवढ्याशा लोकांवर प्रबंध?" प्राध्यापक म्हणाले.

"त्यांना स्वतःला ते एवढेसे वाटत नसतील," उल्का बोलून गेली आणि तिने जीभ चावली. प्राध्यापक मात्र हसले. विषय मंजूर झाला.

ती फ्राउ वाइगांट या घरमालकीणबाईंकडे राहायची. त्यांचा नवरा युद्धातून परतला नव्हता, मुलगी बॉम्बहल्ल्यात गेली होती. बाई तशा अबोल. पण संध्याकाळी बटाटे सोलताना हळूच विचारायच्या, "आल्झो, बरं मग, काय म्हणतात तुमचे तुरेलिया?" मग उल्का शेजारच्या घरातलं सांगावं तसं सांगत बसायची.

एका रविवारी तिने बाईंना म्युझियममध्ये नेलं. तिथे एका म्हाताऱ्या तुरेलियाने आपल्या लहानग्या लेकीसाठी घडवलेला थडग्याचा दगड होता.

"नाव काय पोरीचं?"

"तुरेलिया. मुलींना घराण्याचंच नाव मिळायचं. घरात काय हाक मारत, ते कुणालाच ठाऊक नाही."

बाई दगडाकडे वाकल्या. "माझी अनेलीझे," त्या म्हणाल्या. "घरात आम्ही तिला म्युकी म्हणायचो. ती गेल्यापासून आज पहिल्यांदा तोंडी आलं बघ."

कधी 'तुम्ही'खेरीज न बोलणाऱ्या बाई 'बघ' म्हणून गेल्या होत्या. उल्काने त्यांचा हात धरला.

तोंडी परीक्षेला पुण्याहून कुणाला येणं शक्य नव्हतं. दाराबाहेरच्या बाकावर काळा कोट घालून फ्राउ वाइगांट बसल्या होत्या. "आपण कोण?" शिपायाने विचारलं.

"घरची," बाई म्हणाल्या.

उल्का डॉक्टर झाली आणि तिथल्याच एका शाळेत लॅटिन शिकवू लागली. एका उन्हाळ्यात तिची आई आली. दोघी बायकांना एकमेकींचं अवाक्षर कळत नव्हतं, तरी स्वयंपाकघरातून दिवसभर दोघींचे आवाज यायचे. उल्काच्या कानावर मराठीत आणि जर्मनमध्ये एकच तक्रार पडायची: ही पोरगी पोटभर जेवत नाही.