तीन बाळांचा एकच गुरुवार

जावा बेटावरच्या सालातिगातल्या आमच्या गल्लीतली निम्मी माणसं बू वुर्यानींच्या हातांवर जगात आली. बू म्हणजे आमच्याकडे बाई. एकेचाळीस वर्षं त्या सुईण होत्या. सरकारी नोकरी संपली, तरी एखादी अवघडलेली सून दिसली की लोक अजून त्यांच्याच दारी जातात. बाळ झालं की संध्याकाळी घरी येऊन आईचं नाव आणि जन्मवेळ त्या संगणकात लिहायच्या. तारीख संगणक आपोआप घालायचा आणि तिच्यावरून वेतोनही काढायचा. वेतोन म्हणजे वार आणि त्याला जोडून आमच्या पाच दिवसांच्या बाजारातला दिवस: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. पस्तिसाव्या दिवशी तीच जोडी परत येते, तेव्हा बाळाचं जेवण घालतात. पुढं लग्न जुळवतानाही हाच वेतोन विचारतात. म्हणून बूंची ती यादी म्हणजे गल्लीची पत्रिकाच.

संगणक तेरा वर्षांचा होता. एके दिवशी त्याच्यावर मोठी लाल चौकट आली: ‘तुमच्या संगणकात पाच विषाणू आहेत. ताबडतोब या नंबरवर फोन करा.’ बू तशाच माझ्याकडे धावत आल्या.

“फोन करू का गं?”

“अजिबात नको,” मी म्हणाले. “ती लबाड माणसं असतात.” इथवर माझं बरोबर होतं. पण मी तिथंच थांबले नाही. “आणि हो, रात्री वायरच काढून ठेवत जा. वीज नाही तर चोर येणार कुठून?”

त्यांच्या जावयानं एक विषाणूरोधक घालून दिलाच होता. मुलीनं काळजीनं दुसरा घातला. आता संगणक सुरू करायचा, तांदूळ धुवायचे, भात चढवायचा, तेव्हा कुठं पडदा उजळायचा. भरीला बँकेचं पान उघडेना. ‘ही जागा सुरक्षित नाही’ असं म्हणे. टपालाचं पान उघडेना, तिथंही तेच. बूंना वाटलं, विषाणू वाढले. मलाही तसंच वाटलं.

“खरी सूचना कुठली नि खोटी कुठली, हेच कळत नाही बाई,” त्या म्हणायच्या. “बाळ रडलं तर कशासाठी रडतंय ते मला दारातूनच कळतं. हे नुसतं लाल होतं.”

मग ते पातेल्याचं झालं. गल्लीतलं सगळ्यांत मोठं पातेलं माझं. गोड लाल-पांढरी लापशी त्यातच शिजते. एका घरानं ते गुरुवारी बाळाच्या जेवणासाठी मागितलं. दुसऱ्या घरानंही त्याच गुरुवारी मागितलं. मी म्हटलं, असतो योगायोग. तिसऱ्या दिवशी पोनिरा आजी आल्या, हातात बूंनी दिलेली चिठ्ठी घेऊन.

“नातवाचं जेवण आहे. गुरुवारी पातेलं दे.”

“तुमचंही गुरुवारीच?”

“चिठ्ठीत गुरुवार वागे लिहिलंय. पण मला काही पटत नाही. पोर झालं त्या दिवशी पोनचा बाजार होता, मी पालेभाजी अर्धी टाकून पळत आले. पोनला जन्मले म्हणून तर माझं नाव पोनिरा. मला पोन कळणार नाही होय?”

तिन्ही चिठ्ठ्या आणि पोनिरा आजींना घेऊन मी बूंकडे गेले. तिन्हींवर गुरुवार वागे. बूंनी चष्मा लावला, काढला, पुसून परत लावला. त्यांचा चेहरा उतरला.

“एका महिन्यात तीन वेगवेगळ्या दिवशी झालेली पोरं. माझ्या हातानं झालेली. एकाच दिवसाची कशी होतील?” आणि मग हळूच, “माझंच डोकं चालेनासं झालं का गं?”

आम्ही पाक वागिमानना बोलावलं. बायकांना बू, तसं पुरुषांना पाक. ते शाळेतले निवृत्त वीजतंत्री. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि हसू आवरलं. तिथं २००९ सालची एक जानेवारी होती.

“हा रोज एक जानेवारीलाच उठतो, बू. त्या दिवशी गुरुवार वागे होता. वागे माझाही दिवस. तिन्ही पोरांना माझं नाव द्या, भांडण मिटेल!”

पोनिरा आजींनी त्यांना असं पाहिलं की ते लगेच संगणकाचं झाकण काढायला लागले. आत धूळ आणि पालीची दोन फुटकी अंडी. नाण्याएवढा एक चपटा सेल त्यांनी काढून दाखवला.

“हा मेलाय. वीज गेली तरी घड्याळ चालू ठेवतो तो हाच. वायर लावलेली होती तोवर भागलं, काढली की हा परत कारखान्यातल्या तारखेवर. रोज रात्री वायर काढायची अक्कल कुणाची?”

मी खिडकीबाहेर बघितलं.

“पण बँकेचं पान का उघडेना?” बूंनी विचारलं.

“बँकेच्या पानालाही ओळखपत्र असतं, त्याला मुदत असते. तारीख चुकली की ते ओळखपत्र याला खोटं वाटतं.”

“म्हणजे घड्याळ याचं बिघडलं, आणि चोर ठरवतो बँकेला?”

“अगदी तसंच.”

“आणि ती लाल चौकट?”

“ती खरोखरच खोटी.”

बूंनी दोन्ही हात डोक्याला लावले.

नवा सेल बसला. भांडणाऱ्या दोन विषाणूरोधकांतला एक काढला, धूळ फुंकली, तेव्हा संगणक बराच लवकर उठू लागला. पण पाक वागिमाननी बजावलं, “याला सुरक्षेची नवी दुरुस्ती मिळणं कधीच थांबलंय. तारीख बरोबर झाली म्हणून हा तरुण झाला नाही. इंटरनेटला जोडू नका. बँकेचं काम मुलीकडे करा. यादीच्या दोन नकला करा, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि वर्षाच्या आत नवा घ्या.”

बूंनी बाळंतपणाच्या वेळी टिपणं करायच्या वह्या काढून चार दिवस सगळी यादी ताडून पाहिली. चूक त्या तिघांपुरतीच होती. मग एकेका घरी त्या स्वतः गेल्या. मीही सोबत गेले, कारण वायर काढायची अक्कल माझी होती. दोन घरांनी हसून दिवस बदलला. पहिल्या बाळाचा खरा दिवस मात्र दोन दिवसांपूर्वीच टळला होता. त्याची आजी म्हणाली, “पुढच्या फेरीला घालू जेवण. पोरगं तोवर गुबगुबीत होईल. लापशी मात्र तुम्ही दोघींनी ढवळायची.”

आम्ही ढवळली.

पावसाळा सरल्यावर नवा संगणक आला. यादी त्यात नीट उतरली हे बूंनी नाव-नाव वाचून पाहिलं. जुना भंगारात द्यायच्या आधी पाक वागिमाननी यादी साठवलेली आतली चकती काढून हातोडी मागितली. “यात किती आयांची नावं आहेत. भंगारवाल्याच्या हाती कशाला?”

हातोडी बूंनीच चालवली. पहिला घाव चुकला. दुसरा बसला.