उद्धव आणि मायचा हात

उद्धव गेल्याचा फोन आला तेव्हा मी कळमनुरीच्या आठवडी बाजारात भाजी घेत होतो. त्याचा धाकटा भाऊ "दादा गेला, हार्ट अटॅक" एवढंच बोलू शकला. हातातली वांगी तशीच टाकून निघालो... महिना उलटून गेला, पण काही सांगायचं असलं की अजून त्यालाच फोन लावावासा वाटतो.

पुसेगावात मेंढरं राखणाऱ्या घरातलं हे पोरगं. शाळेत माझ्या शेजारी बसायचा आणि माझा डबा माझ्याआधी संपवायचा. पुढे डॉक्टर झाला, पण दवाखाना काही थाटला नाही. औरंगाबादला एका प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसला. गावात लोक विचारायचे, "डाक्टर हाय तर सुई काहून देत न्हाई?" तो नुसता हसायचा.

त्याच्या तिथं बसण्याला कारण होती त्याची माय. जन्मभर टकळीवर लोकर कातून तिच्या उजव्या हाताला मुंग्या यायच्या, मनगट ठणकायचं. नव्वदच्या दशकात, उद्धव शिकायला बाहेर असताना, कुणीतरी तिच्या मनगटावर बिब्ब्याचा डाग दिला. पुढे ठणका थांबला. "बिब्ब्यानं गुण आला," मायनं गावभर सांगितलं आणि घर निर्धास्त झालं. उद्धव सुट्टीत आला तर तिच्या अंगठ्याला चुलीचा चटका बसून टरारून फोड आलेला, आणि तिला पत्ताच नव्हता. दुखणं बरं झालं नव्हतं, नस बधिर झाली होती.

ऑपरेशन झालं, पण फार उशिरा. मनगटात नस ज्या अरुंद बोगद्यातून जाते, तिथून काढलेला मांसाचा तुकडा त्यानं स्वतः तपासला. मला समजावताना म्हणाला, "शरीरात ग्रोथ फॅक्टर असतात, पेशींना दुरुस्तीचा निरोप देणारे. मायच्या हातात तो निरोप थांबलाच नाही रे. घोंगडीला ठिगळावर ठिगळ लावावं तसे तंतू साचत गेले. आवरण जाड झालं, कडक झालं, नस दबून गेली." तो निरोप थांबवायचा कसा, याच्यामागे तो उरलेली वर्षं लागला. उत्तर हाती आलं नाही. मला त्याचं वाईट वाटतं. खरं तर रागच येतो, कुणाचा ते कळत नाही.

मायला त्याच्या कामातलं काही कळायचं नाही. एकदा तिचा हात धरून तो रडला, तर तीच त्याला समजावत होती, "काहून रडून राहिला? आता दुखत तर न्हाई ना."

परवा पुसेगावला गेलो. माय दारात बसली होती, मांडीवर उद्धवचा सदरा. त्यावरून बोट फिरवत होती, पण उजवा पंजा उचलून धरून, फक्त करंगळीनं. करंगळीची नस त्या बोगद्यातून जात नाही, वेगळ्या वाटेनं जाते. तेवढं एक बोट वाचलं होतं.

"काही लागतं का बोटाला, माय?" मी विचारलं.

"हिलाच लागतंय," ती म्हणाली. मग सदऱ्याच्या गळ्याशी करंगळी थांबली. "कालर झिजली लेकराची."